तिळगूळ आणि परका माणूस

खाऊ देऊन स्नेह जोडण्याची चाल केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. दक्षिण कोरियात ११ नोव्हेंबर रोजी मित्र, विद्यार्थी व कचेरीतील सोबती एकमेकांस ‘पेपेरो’ नावाच्या, चॉकलेट लावलेल्या बिस्किटाच्या काड्या देतात. लोट्टे कंपनीने हा जिन्नस १९८३ मध्ये बाजारात आणला. या तारखेतील चार एकांचे आकडे उभ्या काड्यांसारखे दिसतात, यावरून तो दिवस रूढ झाला. परमुलुखातून आलेल्या माणसास त्यातील गंमत प्रथम उमगत नाही. परंतु कोणी आपण होऊन हातावर पुडा ठेवला, म्हणजे आपण येथे अगदीच परके नाही, एवढे त्यास भाषेवाचून कळते.

याच तारखेस तेथे शेतकरी दिनही असतो. चिनी लिपीतील दहा व एक ही अक्षरे जुळविली असता ‘माती’ या अर्थाचे अक्षर होते, म्हणून तेथील सरकारने १९९६ मध्ये हा दिवस शेतकऱ्यांचा ठरविला. पुढे २००६ पासून त्या दिवशी ‘गारेत्तोक’ हा तांदळाच्या पिठाचा लांबट पांढरा पदार्थ देण्याचा प्रचार शेतीखात्याने आरंभिला. कारखान्याच्या खाऊबरोबर धान्य पिकविणाऱ्याचीही आठवण राहावी, हा त्यातील हेतू होय.

आपल्या संक्रांतीस शेताची जोड मुद्दाम लावावी लागत नाही. तिळात सुमारे निम्मे तेल असते. गुळाबरोबर तो थंडीत अंगास ऊब देतो. सुगडात हरभरा, बोरे, गव्हाची ओंबी व उसाचे कांडे असते. शेत सणात आहे. परंतु ते कांडे तोडणारा माणूस सणात आहे काय, हा प्रश्न बीड जिल्ह्याने तरी स्वतःस विचारलाच पाहिजे.

दिवाळीच्या सुमारास धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी आदी तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांची संक्रांत कोपीवरच येते. कर्नाटकात भाषा निराळी, पण चाल तीच. तेथे ‘एळ्ळु-बेल्ल’, म्हणजे तीळ व गूळ, देऊन चांगले बोलण्यास सांगतात. अशा वेळी तेथील बागायतदाराने कोपीवर तिळगूळ पाठविला, तर आपल्या माणसास परमुलुखात घरचा सण भेटतो; न पाठविला, तर तो दिवस नुसत्या कोयत्याचा जातो.

हाच न्याय आपणांसही लागू आहे. माजलगाव धरणाच्या लाभक्षेत्रात आपल्याच शेतांत बाहेरच्या टोळ्या उतरतात. त्यांची मजुरी व उचल हा हिशेबाचा विषय आहे. तो चोख असलाच पाहिजे, आणि तिळगुळाने त्याची भरपाई होत नाही. तथापि हिशेबापलीकडेही माणसाचे माणसाशी नाते असते. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. तेव्हा कामाच्या गर्दीत सवड मिळाली नाही, ही सबब उरत नाही. गाड्या भरून टोळी परतल्यावर एखाद्या सायंकाळी घरच्या मंडळींनी कोपीवर जावे, मुलांच्या हातावर तिळगूळ ठेवावा, आणि बायकांस हळदीकुंकवास बोलवावे. ज्याच्या श्रमाने गोडी निर्माण होते, त्याच्यापर्यंत ती पोहोचली, तरच सण पुरा झाला असे म्हणता येईल.