सूझांचा येशू आणि पोलिसांची नजर

चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १९२४ साली पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात, साळगावला झाला. वडील ते तान्हे असतानाच वारले. लहानपणी देवी आल्या तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला. मूल वाचले आणि संताचे नाव त्याला चिकटले. घरचे वातावरण कडव्या कॅथलिक वळणाचे. पाद्र्यांचे जरीचे झगे, धूप आणि खिळे ठोकलेला रक्तबंबाळ येशू हेच त्यांचे पहिले कलाशिक्षण.

आई शिवणकामावर पोट भरायला मुंबईला आली, तिच्यामागे मुलगाही. सेंट झेवियर शाळेने त्यांना काढले ते शौचालयातल्या अश्लील चित्रांवरून. १९४५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टनेही काढले, या खेपेस राजकीय कारणावरून. दोन वर्षांनी हुसेन, रझा, आरा, गाडे आणि बाकरे या कलावंतांसह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. लवकरच त्यांच्या नग्नचित्रांवर अश्लीलतेचा ठपका आला, पोलिसांनी घराची झडती घेतली. १९४९ मध्ये सूझा लंडनला निघून गेले.

तिथली पहिली वर्षे हलाखीची होती. १९५५ मध्ये ‘एन्काउंटर’ मासिकात त्यांचा आत्मपर लेख आला, त्याच वर्षी गॅलरी वनमधले प्रदर्शन गाजले आणि नाव झाले. त्याच वर्षीच्या ‘मिस्टर सेबॅस्टियन’मध्ये बाणांनी विद्ध झालेला संत चक्क कोट-टाय घालून उभा आहे आणि बाण घुसलेत ते मान-चेहऱ्यात. हुतात्मा आणि ढोंगी सद्गृहस्थ एकाच अंगात! १९५९ चे ‘क्रूसिफिक्शन’ आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यातल्या येशूला करुण सौंदर्य नाही: काळपट देह, काटेरी झुडपासारख्या रेषा, विचकलेले दात. बालपणी दाखवलेली शिक्षेची भीती सूझांनी जशीच्या तशी देवावरच उलटवली. मात्र हे नास्तिकाचे टवाळखोर चित्र नव्हे. इतका राग ज्याच्यावर, त्याचा पगडा सुटलेला नसतो. १९६६ मध्ये त्यांनी काळ्यावर काळा रंग लावलेली चित्रे प्रदर्शनात मांडली. ती प्रेक्षकाला तिरप्या उजेडातच दिसत. पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्कला गेले. तिथल्या कामात लंडनच्या दशकाची धार क्वचितच आढळते.

गंमत अशी की सूझांचा खरा झगडा चर्चशी होता, पण सरकारी यंत्रणेला खटकली ती नग्नता. २००२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाल्यानंतरही हे बदलले नाही. लंडनच्या लिलावांतून आणलेली सूझा आणि चित्रकार अकबर पदमसी यांची सात चित्रे मुंबईच्या कस्टम्सने अश्लील म्हणून जप्त केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि चित्रे सोडायला लावली.