आले-हळदीच्या कुळातील सुगंधी तेले

आले, हळद, आंबेहळद व कपूरकाचरी या एकाच कुळातील वनस्पती होत. त्यांच्या कंदांतून वाफेच्या साहाय्याने सुगंधी तेल काढतात. १०० किलो वाळलेल्या हळदीतून साधारणतः ३ ते ५ किलो तेल निघते. अर्थात चमचाभर तेलात सुमारे शंभर ग्रॅम हळदीचा सुवासिक अंश असतो. म्हणून चूर्णाचे प्रमाण तेलास लावू नये.

हळदीच्या तेलात टर्मेरोन, आल्याच्या तेलात झिंजिबेरीन व कपूरकाचरीच्या तेलात सिनिओल ही द्रव्ये असतात. हळदीचा पिवळा कुर्कुमिन आणि आल्याचा तिखट जिंजेरॉल मात्र वाफेबरोबर येत नाहीत. सबब कंदाचे सर्व गुण तेलात येतात असे समजू नये.

निव्वळ तेल त्वचेस लावू नये. १०० मिलिलिटर खोबरेल तेलात १ मिलिलिटर मिसळावे व प्रथम हातावर थोडे लावून एक दिवस पाहावे. ते वैद्यकीय सल्ल्यावाचून पोटात घेऊ नये; तान्ह्या मुलांच्या नाकाजवळही नेऊ नये.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडणारी तांब्याची भांडी पाण्यास उत्तम. या तेलास नव्हेत. तांब्याच्या संसर्गाने तेल लवकर बिघडते आणि बिघडलेले तेल त्वचेचा दाह करते. ते गडद काचेच्या बाटलीत, घट्ट बूच लावून, थंड जागी ठेवावे. बाटलीवर वनस्पतीचे नाव व तेल काढल्याची तारीख लिहिण्याची सवय ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस लावावी.