मृगाचा ७ जून

सरकारी कॅलेंडरात ७ जून या तारखेला एरवी लाल रंग नसतो. तरीही देशावरच्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला ही तारीख विचारा. तो सालाचा विचार न करता सांगेल, "त्या दिवशी मृग निघतो." कौलांची शाकारणी, सरपण, मिरची-मसाल्याची बेगमी, बैलांची वैरण ही सगळी कामे मृगाच्या आत उरकायची, असा शिरस्ता मी लहानपणापासून ऐकत आलो. आजही जून उजाडला की माझे लक्ष आपोआप पश्चिमेच्या आभाळाकडे जाते.

आपले बहुतेक सणवार चंद्राच्या चालीने येतात, म्हणून दर वर्षी त्यांची तारीख हलते. २०२५ साली ७ जूनला शनिवारी बकरी ईद होती आणि तीन दिवसांनी वटपौर्णिमा. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे वटपौर्णिमा जूनच्या अखेरीची आणि ईद मे महिन्यातली. मृग मात्र ७ किंवा ८ जूनलाच निघतो, कारण तो सूर्याचा हिशेब आहे. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत जातो, मग दोन आठवड्यांनी मृगात आणि २१-२२ जूनला आर्द्रेत. या दिवसांत मृगाच्या तारका सूर्याच्याच दिशेला असल्यामुळे रात्री दिसत नाहीत. ज्या नक्षत्राच्या नावाने शेतकरी पावसाची वाट बघतो, ते पाहायचे तर हिवाळ्यात पाहावे लागते. तेव्हा पोटातल्या बाणाच्या तीन तारका आणि मागे लागलेला व्याध सहज ओळखू येतात.

हा सूर्याचा हिशेबही अगदी स्थिर नाही. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश डोलतो. त्यामुळे नक्षत्रांनी मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे पडते आणि साधारण ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक साठतो. सहाव्या शतकात, वराहमिहिराच्या काळी, आजच्या कॅलेंडरने मोजले तर सूर्य मेच्या तिसऱ्या आठवड्यातच मृगात जात होता. सूर्य दक्षिणेकडे वळतो तेव्हा तो कर्केच्या आरंभी असतो, असे वराहमिहिराने नोंदवले. आज तो वळतो तेव्हा नुकता आर्द्रेच्या उंबरठ्यावर असतो. पाऊस ऋतूबरोबर राहिला आणि नक्षत्र पुढे सरकले. पंचांगात दर नक्षत्राला बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, मेंढा अशी वाहने देतात आणि त्यावरून पाऊस किती याचा अंदाज बांधतात. ही परंपरा मला प्रिय आहे. पण बियाण्याचे पैसे तिच्या भरवशावर टाकू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

कारण पावसाने अलीकडे काय केले ते पाहा. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला आला आणि त्याच दिवशी दिल्लीतही पोहोचला. अशी जोडी त्याआधी १९६१ साली जमली होती. दोनच वर्षांनी, २०२५ साली, तो २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. १९५०पासूनच्या नोंदींत इतका लवकर तो कधीच आला नव्हता. मुंबईची सर्वसाधारण तारीख आहे ११ जून. त्या साली मेमध्येच शेतात पाणी साचले, काढणीला आलेला कांदा सडला, आणि मग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वाऱ्यांची चाल थांबली. ऐन मृगावर एकीकडे वाफसा नाही म्हणून तिफण बांधावर उभी, तर दुसरीकडे ढगच नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दर वर्षी कळवळून सांगतो. दुबार पेरणीत दुसरे बियाणे उधारीवर येते, हे ज्याने घरात पाहिले आहे त्याला या सांगण्याची किंमत कळते.

पावसाची खरी खूण मातीतून वर येते. चांगली सर पडून जमीन भिजली की सकाळी बांधाच्या कडेला गर्द लाल, मखमली मृगाचा किडा दिसतो. सेंटिमीटरभर अंग, आठ पाय. म्हणजे तो कोळ्याच्या गोतातला. बोट लावले की पाय आत ओढून घेतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू लागतो. तो वर्षाचा बहुतेक काळ मातीत दडून असतो आणि ओल मिळताच वाळवीच्या मागावर वर येतो. त्याला कुठलीही तारीख ठाऊक नाही, ओल तेवढी कळते. कोकणात याच सुमारास मासे ओढ्यांतून उलट वर चढतात आणि भातखाचरांत शिरून अंडी घालतात. चढणीच्या माशांची चव मीही घेतली आहे. पण अंडी भरलेले मासे सरसकट पकडले तर पुढच्या वर्षी नदीत काय उरणार? समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेवढाच धरबंध गावच्या ओढ्यालाही हवा. तिकडे हैदराबादेत मृगाच्या दिवशी मासे खाण्याचा रिवाज आहे आणि बत्तिनी कुटुंब दम्याच्या रुग्णांना जिवंत माशातून औषध देते. त्यासाठी दूरदूरचे लोक रांगा लावतात.

७ जूनला इतिहासही थोडा नाही. १८९३ साली याच रात्री पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर मोहनदास गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवले. दक्षिण गोलार्धात जून म्हणजे हिवाळा. ओव्हरकोट सामानात आणि सामान रेल्वेच्या ताब्यात. मागायला गेलो तर पुन्हा अपमान होईल म्हणून ते रात्रभर कुडकुडत बसले. १९७५ साली याच दिवशी लॉर्ड्सवर पुरुषांचा पहिला क्रिकेट विश्वचषक सुरू झाला. इंग्लंडच्या ३३४ धावांपुढे सुनील गावसकर साठ षटके खेळून नाबाद ३६वर राहिले. पाचच दिवस आधी इंग्लंडातच बक्स्टनला बर्फ पडल्यामुळे काउंटी सामना थांबला होता, हे आज खरे वाटत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो १९७९चा ७ जून. त्या दिवशी सोव्हिएत रॉकेटवरून भारताचा दुसरा उपग्रह 'भास्कर' अवकाशात गेला. त्यावर कॅमेरे होतेच, शिवाय समुद्रावरच्या हवेतली वाफ मोजणारे सूक्ष्मलहरींचे उपकरणही होते. म्हणजे मृगाच्या दिवशी आपण पावसाचा कच्चा माल वरून मोजायला निघालो होतो! नाव दोन गणितज्ञ भास्करांवरून ठेवले. त्यांतल्या भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा आहे.

आज उपग्रह आहेत, रडार आहेत, महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. तरी एका मंडळात अनेक गावे येतात आणि पाऊस शिवारागणिक बदलतो. पीकविम्याच्या वेळी 'आमच्याकडे पडलाच नाही' म्हणणाऱ्याच्या हातात कागद नसतो. म्हणून दिवाळीच्या या अंकातून एक विनंती करतो. सरळ उभ्या बाजूंचे, सपाट बुडाचे भांडे उघड्यावर ठेवा, झाडापासून आणि वळचणीपासून लांब. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेलाच, पट्टीने पाणी मोजा, तारखेपुढे मिलिमीटर लिहा आणि भांडे रिकामे करा. अडीच मिलिमीटर भरले तर तो पावसाचा दिवस, साडेचौसष्टच्या वर गेले तर मुसळधार. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, ती आवडीने करतात. पुढच्या ७ जूनला वहीचे पहिले पान तयार ठेवा.