सायकलचा मीटर खरं कधी बोलतो?

एकाच वेळी, एकाच रस्त्यानं दोघं निघतात. नांदेडहून लोह्याला जातात, चहा घेतात, परत येतात. दोघांच्याही हँडलवर काडेपेटीएवढा मीटर असतो, आणि एकाचा मीटर दुसऱ्यापेक्षा दोन किलोमीटर जास्त दाखवतो. मग वाद सुरू होतो. ज्याचा आकडा मोठा त्याला आपला मीटर खरा वाटतो, हा मनुष्यस्वभाव. मी अनेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि सायकलही चालवली, त्यामुळे असे वाद माझ्याकडे निकालासाठी येतात. निकाल बहुतेक वेळा असा असतो, की दोघांचेही मीटर चांगले आहेत. त्यांना खरं काय ते कोणी सांगितलेलंच नाही.

ह्या यंत्राला सायकल कॉम्प्युटर असं भारदस्त नाव असलं, तरी त्याला दोनच गोष्टी येतात : मोजणं आणि गुणणं. पुढच्या चाकाच्या एका आऱ्यावर छोटंसं लोहचुंबक बसवलेलं असतं. चिमट्याच्या दांडीवर सेन्सर असतो. साध्या मीटरमध्ये हा सेन्सर म्हणजे काचेच्या बारीक नळीतल्या दोन लवचिक पत्र्या. चुंबक समोरून गेलं की पत्र्या एकमेकींना चिकटतात, विजेचं मंडल क्षणभर पूर्ण होतं, आणि मीटरला कळतं की चाकाचा एक फेरा झाला. एका फेऱ्यात सायकल किती पुढं गेली हे मात्र त्याला कळत नाही. ते आपण सांगायचं. आपण २०९६ मिलिमीटर सांगितलं तर तो प्रत्येक फेऱ्याला २०९६ मिलिमीटर धरतो आणि दोन फेऱ्यांमधल्या वेळानं भागून वेग दाखवतो. आतलं घड्याळ क्वार्ट्झचं असतं. ते दिवसाकाठी एखाद-दोन सेकंद चुकलं तरी वेगाच्या आकड्यात ते दिसणारसुद्धा नाही. म्हणजे आकडा खोटा निघाला तर संशय घ्यायचा तो आपण भरलेल्या परिघावर.

आता हा परीघ आणायचा कुठून? मीटरच्या डबीत एक कागद येतो. त्यावर टायरच्या मापांपुढे आकडे छापलेले असतात. पण आपल्याकडे पहिली गफलत होते ती इथंच. जुन्या काळ्या सायकलला आपण 'बावीस इंची' किंवा 'चोवीस इंची' म्हणतो. ते माप चाकाचं नाही, फ्रेमचं आहे. त्या सायकलचं चाक २८ इंची असतं. टायरवर २८ × १ १/२ असं लिहिलेलं सापडेल. कागदावर २४ इंचापुढचा आकडा पाहून भरला, तर मीटर एका फेऱ्याला सुमारे १.९ मीटर धरणार आणि सायकल प्रत्यक्षात सव्वादोन मीटरच्या जवळपास जाणार. वीसच्या वेगानं पाय मारले तर मीटर सतराच्या आसपास दाखवेल. माणूस उगाच खचतो.

गिअरच्या सायकलींची गंमत वेगळी. २६ इंची म्हटलं म्हणजे भागलं असं नाही. त्याच रिमवर दीड इंच रुंदीचा टायर असेल तर छापील आकडा १९८५ च्या आसपास, आणि २.१ इंचाचा असेल तर २०६८ च्या आसपास. फरक चार टक्क्यांचा. म्हणून टायरच्या अंगावर ३७-६२२ असा जोडआकडा शोधावा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. इंचांपेक्षा ही भाषा जास्त भरवशाची.

तरीसुद्धा छापील आकडा तो छापीलच. त्याला तुमचं वजन ठाऊक नसतं, तुम्ही हवा किती भरता तेही ठाऊक नसतं. सायकलवर माणूस बसला की टायर खाली दबतो, चाकाची कामाची त्रिज्या थोडी कमी होते आणि एका फेऱ्यात सायकल थोडी कमी जाते. म्हणून मोजायचं ते सायकलवर बसून. घराची गच्ची, शाळेचं मैदान, मंगल कार्यालयाचं रिकामं सभागृह, कुठलीही सपाट फरशी चालेल. नेहमीएवढी हवा भरा. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा आणि तिथं खडूची रेघ मारा. नेहमीची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या लावून सायकलवर बसा. शेजारी एकाला धरायला सांगा आणि सरळ रेषेत पुढं जा. एकच फेरा मोजू नका, दहा मोजा. दहाव्यांदा व्हॉल्व्ह खाली आला की दुसरी रेघ. दोन्ही रेघांमधलं अंतर टेपनं मोजा आणि दहानं भागा. समजा २० मीटर ८६ सेंटिमीटर आलं, तर तुमचा आकडा २०८६. रेघ मारताना एखादा सेंटिमीटर इकडंतिकडं झालं तरी दहानं भागल्यावर ती चूक एका मिलिमीटरवर येते. दहा फेरे त्यासाठीच. मात्र सायकल नागमोडी जाऊ देऊ नका. वळवळीत पुढचं चाक मागच्यापेक्षा जास्त चालतं, आणि मीटर तर पुढच्याच चाकाला आहे.

एवढ्यानं चूक अर्ध्या टक्क्याच्या आत यायला हरकत नाही. रोजच्या फेरफटक्याला ते पुष्कळ झालं. पण काहींना अर्धा टक्काही टोचतो. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. हातातल्या कागदावर 'अमुक किलोमीटरला डावीकडं वळा' असं लिहिलेलं असतं. अंधारात, अनोळखी फाट्यावर, १५० किलोमीटरनंतर अर्धा टक्का म्हणजे पाऊण किलोमीटर. वळण तिथंच कुठंतरी आहे, पण कुठं?

अशांनी मग रस्त्यावर पडताळा घ्यावा. आपल्याकडे नांदेड–लोहा–अहमदपूर–चाकूर–लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. महामार्गावर किलोमीटरचे दगड असतात आणि त्यांच्या मध्ये दर २०० मीटरवर २, ४, ६, ८ असे लहान दगड. मात्र एकाच किलोमीटरवर विसंबू नका. रस्ता रुंद होतो, वळण सरळ होतं, पूल नवा होतो. दगड जुन्या जागी राहतो किंवा सोयीची जागा पाहून रोवला जातो. सलग पाच-दहा किलोमीटर घ्या, जाताना आणि येताना दोन्हीकडून, आणि सरासरी काढा. मग हिशेब सोपा आहे : जुना आकडा गुणिले खरं अंतर, भागिले मीटरनं दाखवलेलं अंतर. मीटरमध्ये २०९६ आहे, दगडांप्रमाणे पाच किलोमीटर झाले आणि मीटर ५.१२ म्हणतो, तर २०९६ गुणिले ५ भागिले ५.१२, म्हणजे २०४७. मीटर जास्त बोलत असेल तर आकडा कमी करायचा, कमी बोलत असेल तर वाढवायचा. फोनमधल्या जीपीएसशीही ताडून पाहता येतं. लांब, मोकळ्या रस्त्यावर तो चांगला साथीदार आहे. गल्लीबोळात, झाडांखाली, हळू चालताना त्याचा ठिपका उड्या मारतो, तेव्हा त्याला साक्षीदार करू नये.

आता ज्यांच्यासाठी मला हा विषय खरा महत्त्वाचा वाटतो त्यांच्याकडं येतो. ते सायकलस्वार नाहीत. पहाटे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर पोरं पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर असतात, मुलींना ८००. गावात धावपट्टी नसते, म्हणून रस्त्यावरच अंतर आखतात : ह्या लिंबापासून त्या मोरीपर्यंत. आखतात कशानं, तर मोटारसायकलच्या मीटरनं. त्या मीटरचा शेवटचा आकडा शंभर मीटरचा. आकडा नेमका बदलतो त्या क्षणी सुरुवात केली नसेल, तर १.६ किलोमीटर म्हणजे दीडपासून १.७ पर्यंत काहीही असू शकतं. शिवाय मीटर स्वतःच थोडा जास्त दाखवत असेल. चारच टक्के जास्त धरा. १६०० समजून पोरगा १५३८ मीटर पळतोय. गावाकडं त्याची वेळ साडेपाच मिनिटं येते, तो खूश असतो. भरतीच्या मैदानावर उरलेले ६२ मीटर समोर येतात, म्हणजे आणखी तेरा सेकंद. वर्षभराची मेहनत गुणांच्या तक्त्यात एखादी पायरी खाली उतरते, आणि त्या पोराला वाटतं की त्या दिवशी पायच चालले नाहीत.

नीट बसवलेला सायकलचा मीटर दहा-दहा मीटरचा आकडा दाखवतो. त्याहून चांगला मार्ग जगभर वापरला जातो. मॅरेथॉनचे मार्ग आजही सायकलनंच मोजतात. पुढच्या चाकाच्या तुंब्यापाशी जोन्स काउंटर नावाचा दातेरी चक्रांचा मोजक बसवतात. अमेरिकेतल्या अ‍ॅलन जोन्स यांनी तो १९७१ मध्ये तयार केला. तो चाकाच्या फेऱ्याचे अंशसुद्धा मोजतो. आधी पोलादी टेपनं किमान ३०० मीटरचा सरळ पट्टा आखायचा, त्यावर सायकल चार वेळा चालवायची, मग मार्ग मोजायचा, आणि परत येऊन त्याच पट्ट्यावर पुन्हा चार वेळा. पुन्हा कशाला? कारण मधल्या वेळात ऊन चढलेलं असतं. टायरमधली हवा तापते, दाब वाढतो, चाक किंचित मोठं होतं. त्यावरही सगळ्यात छान गोष्ट म्हणजे, मोजून झाल्यावर दर किलोमीटरमागं एक मीटर मुद्दाम वाढवतात. मार्ग थोडा लांब निघालेला चालतो, आखूड निघालेला चालत नाही. भरतीच्या पोरांनी हे तत्त्व जसंच्या तसं उचलावं : १६०० ऐवजी १६०२ मीटरवर खूण करावी. जोन्स काउंटर गावात मिळणार नाही. पण चाकाला रंगाचा ठिपका देऊन फेरे मोजता येतात, आणि हे काम दोन मित्र मिळून एका सकाळी करू शकतात. टेप मात्र पोलादी हवा. कापडी टेप ओढला की लांबतो.

उन्हाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पोलादी टेपही तापला की वाढतो, पण २० अंशांच्या फरकानं ३०० मीटरमागं सातेक सेंटिमीटर. आपल्याला ते सोडून देता येतं. विल्यम लॅम्बटनला ते सोडता येत नव्हतं. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात त्यानं १८१५ मध्ये आपल्या शेजारच्या बीदरजवळ, दामरगिद्द्याला पायारेषा मोजली. ऊन लागू नये म्हणून पोलादी साखळी तंबूंच्या सावलीत धरून असं काम चालायचं. पुढं उत्तरेकडं सरकताना तो १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. रस्त्यांची अंतरं मोजायला त्या काळचे सर्वेक्षक हातानं ढकलायचं एक मोठं चाक वापरत. त्याला फेरे मोजणारी तबकडी असे. तत्त्व आपल्या मीटरचंच, फक्त चुंबकाऐवजी दाते.

बसवण्याबद्दल थोडं. चुंबक आणि सेन्सर यांच्यात फट पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि चुंबक सेन्सरवरच्या खुणेसमोरूनच गेलं पाहिजे. उतारावर वेग वाढताच आकडा एकदम पडतो किंवा शून्य होतो, तेव्हा फट जास्त आहे असं समजावं. काही फेरे मोजलेच जात नाहीत. बिनतारी मीटर उच्च दाबाच्या तारांखाली कधीकधी साठ-सत्तरचा वेग दाखवतात, त्याचा अभिमान बाळगू नये. आणि सगळेच आकडे खूप कमी येत असतील, वीसच्या जागी बारा-साडेबारा, तर मीटर मैलांवर लावलेला आहे, एवढंच.

टायर झिजला की मोजमाप पुन्हा करावं. रबर दोन मिलिमीटर झिजलं तर परीघ साडेबारा मिलिमीटरनं घटतो. शंभर किलोमीटरला मीटर सहाशे मीटर जास्त सांगू लागतो. हवा कमी असली तरी तो जास्तच सांगतो. निघताना दर वेळी सारखाच दाब ठेवला तर हा त्रास उरत नाही. बटनासारखी सीआर २०३२ बॅटरी बदलताना बऱ्याच मीटरांमधून परिघाचा आकडा पुसला जातो आणि कारखान्यातला आकडा परत येतो. म्हणून आपला आकडा, मोजल्याची तारीख आणि हवेचा दाब एका चिकटपट्टीवर लिहून ती सीटच्या खाली चिकटवून ठेवावी. पावसाचं पाणी तिथं पोचत नाही.