बोट दुबईत, पाणी विष्णुपुरीत!

‘सेकंडहँड बोट? आणि नेणार कुठे, नांदेडला?’ ऑफिसातल्या मल्याळी मित्राला हसू आवरेना. तुमच्याकडे तर समुद्रच नाही, हा त्याचा मुद्दा. मी म्हटलं, बॉस, समुद्र नसेल, पण गोदावरी आहे. विष्णुपुरीचा शंकर सागर आहे. आणि पाऊस डोक्यावर घेऊन नाचायला लागला की गल्लीतसुद्धा समुद्र असतो!

तो हसत राहिला. मला मात्र हसू येत नव्हतं.

ऑगस्ट २०२५. सतरा-अठरा तारखेची रात्र. मुखेड तालुक्यात धो धो पाऊस आणि लेंडी प्रकल्पाचं पाणी. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावं पाण्यानं वेढली गेली. माणसं गेली, जनावरं गेली, शेवटी लष्कराला बोलवावं लागलं. माझी मावशी त्याच पट्ट्यातली. ती आणि काका रात्रभर शाळेच्या गच्चीवर होते. मी दुबईत, चौदाव्या मजल्यावर, एसीत बसून फोन लावत होतो. ‘आप जिस व्यक्ति से संपर्क करना चाहते हैं...’ ते वाक्य मी त्या रात्री किती वेळा ऐकलं, मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा आवाज ऐकला. आणि संध्याकाळी लातूरहून दाजींचा फोन.

‘काय करलालास तू तिथं? दुबईत लई बोटी असतात म्हणं. बघ की एखादी जुनी. अर्धे पैसे माझे.’

दाजींचे अर्धे पैसे म्हणजे ट्रॅक्टरच्या डाउन पेमेंटचे पैसे. आणि लातूरकर म्हणजे कोण? ज्यांच्या शहरात १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आली होती, ते! पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं आणि अख्खं शहर स्टेशनकडे डोळे लावून. त्या गावचा माणूस आता बोट शोधत होता. मराठवाडा म्हणतात तो हाच. पाणी नसतं तेव्हा नसतंच, आणि येतं तेव्हा दार न वाजवता घरात शिरतं.

प्रेमात पडलो, राव!

बोट सापडली पण लगेच. ऑफिसातला एकजण नोकरी सोडून मायदेशी निघाला होता. चौदा फुटी फायबरची बोट, मागे लावायचं चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन आणि खाली चकचकीत गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर. किंमत अठरा हजार दिरहॅम, म्हणजे साधारण साडेचार लाख रुपये. तीन वीकेंड मी ती नुसती बघायला गेलो. चौथ्या वीकेंडला दोन हजार दिरहॅम बयाणा देऊन मोकळा झालो. फोटो दाजींना पाठवला. त्यांचा पहिला प्रश्न, ‘पासिंग कुठलं करायचं, एमएच-२४ का एमएच-२६?’

आम्ही हसलो. हाच प्रश्न पुढे आमच्या गळ्याशी येणार होता, याची तेव्हा काय कल्पना!

एक बोट, तीन भानगडी

मुंबईतल्या एका क्लिअरिंग एजंटला फोन लावला. भला माणूस. त्यानं आधीच सांगितलं, ‘तुम्ही बोट आणत नाही आहात. तुम्ही तीन वस्तू आणताय.’

कस्टम्सच्या पुस्तकात बोट बसते ८९ व्या प्रकरणात, ट्रेलर ८७ व्या आणि मशीन सुटं आणलं तर ८४ व्या. बोट ट्रेलरवर बसून आली म्हणून ट्रेलर काही बोट होत नाही.

मी म्हटलं, मी परत येतोय, घरचं सामान म्हणून आणतो. तर तिथंही घोडं अडलं. कस्टम्सचा १९६२ चा कायदा सांगतो की मोटारवाहन म्हणजे ‘बॅगेज’ नव्हे. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटारवाहनच! म्हणजे ज्याला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, अशा लोखंडी सांगाड्यासाठी आरटीओची पायरी चढायची. दाजींचा जोक खरा ठरला.

पुढची भानगड ‘जुनी’ या शब्दाची. कारखान्यात चालणारी जुनी यंत्रं आणणं त्या मानानं सोपं. पण भांडवली यंत्रसामग्रीत न बसणारी वापरलेली वस्तू हवी असेल तर परकीय व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएफटीची, परवानगी लागते. हौसेची बोट यंत्रसामग्री आहे, हे साहेबांना पटवणार कोण?

जुन्या गाड्यांबाबत तर नियम आणखी कडक. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, हेडलाइट डाव्या बाजूनं चालणाऱ्या रहदारीला साजेसे हवेत आणि उतरवायची ती मुंबई बंदरातच. दुबईत सगळी रहदारी उजवीकडून, हे वेगळं सांगायला नकोच.

सचिनला नाही चुकलं!

ड्यूटीचा हिशेब ऐकला तेव्हा मात्र घाम फुटला. मला वाटत होतं, साडेचार लाखांवर काय तो टॅक्स बसेल. छे! आधी किमतीत जहाजाचं भाडं आणि विमा मिळवतात. त्यावर सीमाशुल्क. आणि त्या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी. हौसेच्या नौकांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झालाय. मित्रानं स्वस्तात दिली म्हणून कस्टम्स ती किंमत मानेलच असंही नाही. जुन्या मालाला चार्टर्ड इंजिनिअरचा मूल्यांकनाचा दाखला मागतात. वर कंटेनर न्हावा-शेवाला अडकला की दिवसाचं भाडं चालू.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

आठवतंय ना सचिनच्या फेरारीचं? ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल त्याला ३६० मोडेना भेट मिळाली. सरकारनं ड्यूटी माफ केली आणि २००३ मध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला. शेवटी एक कोटीहून अधिक रकमेची ती ड्यूटी कंपनीनं भरली. तिथं सचिनला वाट मिळाली नाही, आम्ही तर मुखेड तालुक्यातले.

बरं, बोट नांदेडला पोचली असं धरू. पुढे? मशीनवर चालणारी बोट म्हणजे अंतर्देशीय नौकांचा २०२१ चा कायदा आला. राज्यात ते काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड बघतं आणि बोर्ड आहे मुंबईत. धरणाच्या पाण्यात फिरवायची तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. शंकर सागर काही आमच्या आजोबांच्या नावावर नाही!

जुनी बोट आणावी तर अशी

दोन रात्री नेटवर बसलो तेव्हा एक मस्त गोष्ट सापडली. आपल्या लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरनं इंग्लंडमध्ये एक जुनी, ३७ फुटी शिडाची बोट घेतली होती. नाव ठेवलं ‘तृष्णा’. तिला कंटेनर-बिंटेनर काही नाही. १९८५ मध्ये ते तीत बसले, जगाला वळसा घातला आणि १९८७ च्या जानेवारीत मुंबईला पोचले. सेकंडहँड बोट घरी आणायची ही पद्धत लाख मोलाची, पण सुट्टी कोण देणार?

मग व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींच्या डोक्यातून सागर परिक्रमेची कल्पना निघाली. त्यासाठीची ‘म्हादेई’ बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांनी. तीच घेऊन दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय! जगाला वळसा घालणारी बोट गोव्यात बनते आणि मी चौदा फुटी बोटीसाठी दुबईत बयाणा देऊन बसलो होतो.

मावशीचा प्रश्न

तरी मन मागे हटत नव्हतं. त्या रात्रीचं देणं लागतो असं वाटत होतं. दाजी म्हणाले, ‘ट्रॅक्टर पुढच्या वर्षी घेऊ, बोट येऊ दे.’ मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मग मावशीला फोन केला. वाटलं, खूश होईल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘बोट आणशील रे बाबा. पण रात्री दोनला पाणी आलं तर ती चालवायला तू हाईस का इथं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. साडेचार लाखांच्या त्या चकचकीत वस्तूत मी मदत कमी आणि माझी टोचणी जास्त भरली होती, हे फोन ठेवल्यावर कळलं.

बयाणा बुडाला. दोन हजार दिरहॅम, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास. त्याचं वाईट वाटतंच, खोटं कशाला बोलू! पण उरलेल्या पैशांतून इथेच बनलेली हवेची रबरी बोट घेतली, वल्ह्यांची. वर पंधरा लाइफ जॅकेट्स, दोराची भेंडोळी, दोन मोठ्या बॅटऱ्या. गावातली सहा पोरं पुढे आली. त्यांची नावं आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीत दिली. पैकी दोघांना पोहता येत नव्हतं, ती आता शिकताहेत.

आणि ट्रेलर? हवा काढून घडी केली की बोट गावातल्या कुठल्याही ट्रॉलीत मावते. दाजींचा ट्रॅक्टर यायला वर्ष लागेल, तोवर शेजाऱ्याचा आहेच.

जुनी बोट मागवायचीय? आधी हे विचारा

● परवानगी हातात आहे का? बयाणा त्यानंतर. (माझ्यावरून शिका!)
● बोट, मशीन आणि ट्रेलर यांची बिलं आणि नंबर वेगवेगळे आहेत का?
● ड्यूटीचा हिशेब भाडं आणि विमा धरून केलाय का?
● लाकडी पॅकिंगवर कीड मारल्याचा शिक्का आहे का?
● चालवायच्या पाण्याची परवानगी कोण देणार?
● आणि शेवटचा प्रश्न मावशीचा. गरज पडेल त्या रात्री ती चालवणार कोण?