विनापरवाना चक्रव्यूह

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते, महाशिवरात्रीला परळीत वैजनाथाची. नव्वदच्या दशकात बीड जिल्ह्यातल्या अशा जत्रांमध्ये खेळण्यांच्या पालांवर शिट्ट्या, भिंगऱ्या आणि पत्र्याच्या गाड्यांच्या शेजारी एक नवी वस्तू दिसू लागली. करड्या नाहीतर पिवळ्या प्लॅस्टिकची, हातभर कशाला, वीतभरही नाही, वर छोटा काचेचा पडदा आणि खाली चार-पाच बटणं. तिला सगळे ब्रिक गेम म्हणत. खोक्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे. प्रत्यक्षात आत दहा-वीस खेळ असत. त्यांचा वेग आणि पातळ्या फिरवून फिरवून तो आकडा गाठलेला असे. पण दोन पेन्सिल सेल घातले की ते यंत्र कुठेही चाले. त्याला टीव्ही लागत नसे, वीज लागत नसे.

या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही. दसरा-दिवाळीनंतर लाखो ऊसतोड मजूर इथून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधले महिने फडाच्या कडेला उसाच्या पाचटाच्या कोपीत. तिथे टीव्ही गेम कशाला जोडायचा? हातात मावणारा आणि सेलवर चालणारा खेळ हाच या मजुरांच्या पोरांपर्यंत पोचू शकणारा खेळ होता.

आणि तो विनापरवाना होता. ब्रिक गेमचा मुख्य खेळ म्हणजे टेट्रिस. तो १९८४ साली मॉस्कोच्या एका संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव्ह यांनी लिहिला. जत्रेतल्या यंत्रावर ना त्यांचं नाव, ना खेळाचं. परवान्याच्या वाटेने टेट्रिस जगभर पसरला तो निंटेंडो कंपनीच्या गेम बॉय या हातातल्या यंत्रावरून, पण अस्सल गेम बॉय आमच्या बाजारात दिसणं दुर्मीळच. विनापरवाना खेळांकडे सरसकट चोरीचा माल म्हणून बघायची सवय आहे. मला ती मान्य नाही. या अंगणात नकलाकार होते हे खरं, पण त्याच अंगणात काही अस्सल कारागीरही होते, आणि त्यांची कारागिरी नीट बघायची तर गेम बॉयचं कुलूप आणि त्या कुलपापलीकडे गेलेले भूलभुलैयाचे एक-दोन खेळ बघावे लागतात.

गेम बॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी बाजारात आला. गुनपेई योकोई यांच्या विभागाने तो घडवला. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा फक्त चार, कामाची स्मृती ८ किलोबाइट, पोटात चार पेन्सिल सेल. त्याच काळात रंगीत पडद्याची यंत्रंही आली होती. पण ती महाग होती आणि सेल भराभर खात. योकोईंचा आग्रह असा की तंत्र जुनं, स्वस्त आणि पारखलेलं घ्यायचं आणि कल्पकता त्याच्या वापरात दाखवायची. गेम बॉय आणि त्याचा रंगीत वारसदार मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रं खपली.

खेळ वेगळ्या कार्ट्रिजमध्ये असत. कोणीही उठून कार्ट्रिज बनवू नये म्हणून यंत्रात एक पहारा बसवला होता. चालू करताच आधी आतला २५६ बाइटचा छोटा प्रोग्रॅम धावतो. तो कार्ट्रिजमधले ठरावीक जागचे ४८ बाइट वाचतो. त्या ४८ बाइटमध्ये निंटेंडोच्या नावाचं चित्र साठवलेलं असतं. ते चित्र पडद्यावर वरून हळूहळू खाली सरकतं, मध्यभागी थांबतं, घंटेसारखा नाद होतो. मग यंत्र तेच ४८ बाइट पुन्हा वाचतं आणि आपल्या पोटातल्या प्रतीशी ताडून बघतं. एक बिट जरी चुकला तरी यंत्र तिथेच गोठतं. कार्ट्रिज न लावता यंत्र चालू केलं तर नावाच्या जागी नुसती काळी पट्टी उतरते, कारण वाचायला समोर काहीच नसतं.

हे कुलूप तंत्राचं कमी आणि कायद्याचं जास्त होतं. चित्र कॉपी करणं कुणालाही जमेल. पण ते कॉपी केलं की पडद्यावर निंटेंडोचं नाव झळकणार, आणि कंपनी म्हणणार, आमचं व्यापारचिन्ह तुम्ही परवानगीशिवाय वापरलंत.

तैवानच्या सॅशेन कंपनीने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. ती चार-चार खेळ एका कार्ट्रिजमध्ये घालून विकत असे. त्यांपैकी एक ‘मॅजिक मेझ’ नावाचा भूलभुलैया. तिच्या अभियंत्यांनी हेरलं की यंत्र ते ४८ बाइट दोनदा वाचतं, एकदा दाखवायला आणि एकदा तपासायला. मग त्यांनी कार्ट्रिजमध्ये अशी चिप बसवली जी वाचनं मोजत राही. पहिल्या फेरीत ती आपल्या कंपनीचं चित्र पुढे करी, मोजणी पूर्ण होताच आतल्या आत पत्ता बदली, आणि दुसऱ्या फेरीत निंटेंडोचं चित्र देई. पडद्यावर उतरे ते विनापरवाना कंपनीचं स्वतःचं नाव, आणि तपासणीत यंत्राला मिळे ते हवं असलेलं. पहारेकऱ्याच्या पावलांचा ठेका ऐकून दोन पावलांच्या मधल्या क्षणात दारातून निघावं, तसं हे काम आहे. यात कोणाच्या प्रोग्रॅमची चोरी नाही. यंत्र कोणत्या क्रमाने काय करतं हे चिकाटीने समजून घेणं तेवढं आहे.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, आणि तिच्यात भूलभुलैया थेट केंद्रस्थानी आहे. कॅलिफोर्नियात १९८८च्या सुमारास कलर ड्रीम्स ही कंपनी निघाली. निंटेंडोच्या घरगुती कन्सोलमध्ये आणखी कडक कुलूप होतं. यंत्रात एक चिप, कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार, आणि दोघींचा संवाद अखंड चालू राहिला तरच खेळ चाले. कलर ड्रीम्सने त्या संवादाची नक्कल केली नाही. विजेच्या दाबाचा एक झटका देऊन यंत्रातल्या चिपला क्षणभर बधिर करायचं, असा मार्ग तिने काढला. १९८९ साली तिने ‘क्रिस्टल माइन्स’ आणला. त्यात खाणीतला एक यंत्रमानव माती फोडत वाट काढतो, खाली घरंगळणारे दगड चुकवतो, स्फटिक गोळा करतो. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १९८४चा ‘बोल्डर डॅश’.

खेळ चांगला होता, पण विकायचा कुठे? विनापरवाना माल ठेवला तर निंटेंडोचा माल मिळणार नाही, ही भीती दुकानदारांच्या मनात होती. तेव्हा कंपनीला असं दुकान शोधावं लागलं जिथे निंटेंडोचं काहीच विकलं जात नाही, म्हणजे दबाव आणायला जागाच नाही. ते दुकान सापडलं: ख्रिस्ती धार्मिक पुस्तकांचं. त्यासाठी ‘विज्डम ट्री’ हे नाव घेतलं गेलं आणि बायबलमधल्या कथांवरचे खेळ निघू लागले.

‘क्रिस्टल माइन्स’चा १९९१ साली ‘एक्झोडस’ झाला. यंत्रमानवाच्या जागी मोझेस आला, स्फटिकांच्या जागी मान्ना, म्हणजे वाळवंटात आकाशातून मिळालेलं अन्न. मोझेसच्या हातून बंदुकीची गोळी सुटत नाही, ‘डब्ल्यू’ हे अक्षर सुटतं. ते देवाच्या शब्दाचं चिन्ह. मूळ आवृत्तीत १०० पातळ्या. पुढे हाच खेळ गेम बॉयच्या त्या लहानशा पडद्यावर उतरला. मातीतून बोगदे काढायचे, डोक्यावर येणारे दगड सांभाळायचे, इजिप्तचे सैनिक चुकवायचे, मान्ना आणि प्रश्नचिन्हं वेचायची, मग बाहेरची वाट उघडते आणि बायबलवरचे प्रश्न येतात.

मला या रचनेत खरा चक्रव्यूह दिसतो. साध्या भूलभुलैयात भिंती आधीपासून उभ्या असतात, वाट फक्त शोधायची असते. इथे वाट खेळणारा स्वतः खणतो. त्याने काढलेली माती परत येत नाही. एका दगडाखालचा आधार घाईत काढला तर तोच दगड पुढे परतीची वाट बंद करतो. आत शिरतानाच बाहेर कसं पडायचं याचा हिशेब लागतो, आणि ही विद्या अर्धीच ऐकलेल्या अभिमन्यूची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. धर्मप्रसाराचा भाग बाजूला ठेवला तरी खेळ म्हणून ही बांधणी पक्की आहे.

विज्डम ट्रीनेच १९९४ साली नोहाच्या नौकेचा खेळ निंटेंडोच्या पुढच्या कन्सोलवर आणला. तेव्हा तिने आपल्या कार्ट्रिजच्या डोक्यावरच खाच ठेवली. त्या खाचेत एखादं परवानाधारक कार्ट्रिज बसवायचं. कुलपाशी संवाद ते करी, खेळ खालचं कार्ट्रिज दाखवी.

कायदाही हळूहळू भेद करायला शिकला. टेंगेन या कंपनीने निंटेंडोच्या कुलपाचा प्रोग्रॅम अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटं कारण सांगून मिळवला होता; १९९२ साली न्यायालयाने तिच्याविरुद्ध कौल दिला. त्याच वर्षी सेगा विरुद्ध अकोलेड खटल्यात दुसऱ्या न्यायालयाने सांगितलं की आपला खेळ यंत्रावर चालावा एवढ्यासाठी त्या कंपनीच्या खेळांचा प्रोग्रॅम उलगडून अभ्यासणं हे उल्लंघन नाही. आणि यंत्राच्याच रचनेमुळे पडद्यावर कंपनीचं नाव झळकत असेल तर त्याचा दोष अभ्यास करणाऱ्यावर टाकता येत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही १९९९च्या दुरुस्तीने कलम ५२मध्ये अशीच मुभा आली. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याबरोबर चालावा यासाठी लागणारी माहिती मिळवणं हे उल्लंघन नव्हे, मात्र ती अन्यथा सहज मिळणारी नसावी.

या कायद्याचा आणि त्या ४८ बाइटचा अर्थ आमच्या मुलांना कुणीतरी सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कारण आता साधनं उघडी आहेत. ख्रिस मॉल्टबी यांनी २०१९ साली ‘जीबी स्टुडिओ’ प्रसिद्ध केला. तो फुकट आहे, साध्या संगणकावर चालतो, आणि त्यात चित्रं मांडून, घटना जोडून गेम बॉयवर चालणारा खेळ बनवता येतो. अंबाजोगाईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोराला यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

अडचण एकच, आणि ती अभ्यासण्यासारखी आहे: देवनागरी. गेम बॉय सगळं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींतून रचतो. पडद्यावर आडव्या २० आणि उभ्या १८ चौकटी मावतात. इंग्रजी अक्षर एका चौकटीत आरामात बसतं. मराठीला डोक्यावर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी किंवा मात्रा, खाली उकार. आठ ओळींत हे कोंबलं तर मूळ अक्षराला चार ओळी उरतात आणि ‘घ’ आणि ‘ध’ ओळखू येत नाहीत. तेव्हा दोन चौकटी एकावर एक ठेवून १६ ओळी घ्याव्या लागतील, आणि पडद्यावर मजकुराच्या नऊच ओळी मावतील. प्रश्नोत्तरांना तेवढ्या पुरतात.

भूलभुलैयासाठी जागा शोधायला लांब जायला नको. बीड शहराबाहेर सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात, सलाबत खानाने बांधवलेली खजाना विहीर आहे. तिला जमिनीखालून तीन बोगदे जोडलेले आहेत. दोन पाणी आत आणतात, एक ते शेतांकडे नेतो, आणि उतार इतका मोजून ठेवलेला आहे की पाणी उपसावं लागत नाही. पहिली पातळी या नकाशावर बेतता येईल. खेळणाऱ्याने माती काढत, पाणी आणणारे दोन्ही बोगदे मोकळे करायचे, दगड सरकून पाणी नेणारा बोगदा तुंबू द्यायचा नाही, आणि पाणी शेतापर्यंत पोचलं की पातळी संपते.