राखलेला अंधार : बरोक काळातलं तैलचित्र कसं घडत असे

शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची चित्रकलेची परीक्षा दिलेल्यांच्या हातात एक सवय मुरलेली असते. कागद पांढरा, त्यावर पेन्सिलीचं रेखाटन, मग जलरंगाचे हलके हात, आणि ऊन दाखवायचं तिथं कागद कोरा सोडायचा. गडद रंग सगळ्यात शेवटी. ही सवय घेऊन आपण काराव्हाज्जोच्या एखाद्या चित्रासमोर उभे राहिलो, की वाटतं, एवढा मोठा काळोख या माणसानं किती चिकाटीनं रंगवला असेल! खरं तर त्यातला बराचसा काळोख त्यानं रंगवलेलाच नसतो. कापडाला आधीच गडद तपकिरी लेप दिलेला असतो आणि चित्रकार त्यावर उजेड तेवढा रंगवत जातो. आपण कागदाचा पांढरेपणा राखतो, तसा तो अंधार राखतो.

बरोक म्हणजे ढोबळमानानं १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतली युरोपीय कला. हा शब्द ओबडधोबड मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला, असं मानतात. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू चर्च आपण पाहिलं असेल, तर या शैलीच्या वास्तुकलेशी आपली ओळख झालेली आहे. चित्रांत रोमचा काराव्हाज्जो, अँटवर्पचा रूबेन्स, माद्रिदच्या दरबारातला वेलास्केस, अ‍ॅमस्टरडॅमचा रेम्ब्रांट आणि डेल्फ्टचा व्हर्मीर ही त्यातली मोठी नावं. सगळ्यांची रीत एक नव्हती. म्हणून इथं एकच चित्र मुख्य धरू या : रेम्ब्रांटचं १६४२ सालचं 'नाईट वॉच'. शहररक्षकांच्या एका तुकडीनं आपल्या सभागृहासाठी करवून घेतलेलं हे समूहचित्र आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. बाकीचे चित्रकार गरज पडेल तिथं येतील.

सुरुवात कापडापासून. हे कापड लिननचं, म्हणजे जवसाच्या झाडाच्या खोडातल्या धाग्याचं. आपण ज्या जवसाची चटणी करतो, त्याच जातीचं हे झाड. पुढं रंग ज्या तेलात कालवायचा ते तेलही जवसाच्याच बियांचं. 'नाईट वॉच' इतकं मोठं, की एका पन्ह्यात बसेना. कापडाच्या तीन पट्ट्या जोडून शिवल्या आहेत.

कोऱ्या कापडावर थेट तैलरंग लावता येत नाही. तेल धाग्यात शिरतं, त्यातलं आम्ल धागा हळूहळू कुजवतं आणि काही वर्षांत कापड ठिसूळ होतं. म्हणून आधी कापडाला सरस पाजायचा. सरस म्हणजे जनावरांची कातडी उकळून केलेला चिकट पदार्थ. जुने सुतार लाकूड जोडायला वापरत तोच.

इथं पहिली चूक होते. सरस हवेतलं पाणी ओढतो. थर जाड झाला किंवा भिंत ओली असली, तर तो फुगतो, आकसतो आणि वरचा रंग पापुद्र्यानं सुटतो. 'नाईट वॉच'च्या तपासणीत २०२३ साली एक वेगळीच गोष्ट हाती लागली. रेम्ब्रांटनं या कापडाला शिसं मिसळलेलं तेल पाजलं होतं. चित्र बाहेरच्या बाजूच्या दमट भिंतीवर लागणार होतं, म्हणून त्यानं ही काळजी घेतली असावी, असं संशोधकांना वाटतं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. पहिली रेघ मारण्यापूर्वी या माणसानं भिंतीची ओल लक्षात घेतली होती.

आता अस्तर. घराच्या भिंतीला रंगाआधी प्रायमर मारतात तेच हे काम. पण इथं अस्तराला रंग असतो, आणि सगळं चित्र त्या रंगावर उभं राहतं. रेम्ब्रांट पूर्वी दोन थर देत असे : खाली गेरूसारख्या लाल मातीचा, त्यावर करड्या रंगाचा. 'नाईट वॉच'साठी मात्र त्यानं गारेच्या पुडीची माती तेलात कालवून तपकिरी अस्तर दिलं. गारेची माती स्वस्त पडे.

काराव्हाज्जोची अस्तरं गडद असत, आणि आकृतीच्या कडेला, मानेच्या सावलीत, बाहीच्या चुणीत तो अस्तर उघडंच ठेवी. रूबेन्सचा मार्ग याच्या उलट होता. लाकडी फळीवर तो पांढऱ्या खडूचं अस्तर घेई आणि वरून पातळ तपकिरी रंगाचे फराटे ओढून घेई. म्हणून त्याच्या चित्रांतली कातडी आतून उजळल्यासारखी दिसते. वेलास्केसही तरुणपणी गडद अस्तरावर काम करे आणि पुढं फिकट अस्तराकडे वळला. तेव्हा 'बरोक म्हणजे काळं अस्तर' असं सरसकट धरू नये.

अस्तरातही एक खोट राहू शकते. त्यात तेल कमी पडलं, तर ते वरच्या रंगातलं तेल शोषून घेतं. ओला असताना तुकतुकीत दिसणारा रंग वाळल्यावर खडूसारखा निस्तेज होतो, आणि चित्रकाराला वाटतं, आपण रंगच चुकीचा मिसळला.

अस्तर वाळलं की आखणी. एक्स-किरण आणि रासायनिक नकाशे यांच्या साहाय्यानं 'नाईट वॉच'च्या रंगाखाली खडूमिश्रित फिकट रंगात काढलेलं मूळ रेखाटन सापडलं आहे. गडद अस्तरावर फिकट रेघ, फळ्यावरच्या खडूसारखी. काराव्हाज्जोचं कागदावरचं एकही रेखाटन आज ठाऊक नाही. तो अस्तर ओलं असताना त्यात टोकदार वस्तूनं चरे ओढून डोकं, खांदा, दंड यांच्या जागा पक्क्या करी. आजही बाजूनं तिरका प्रकाश टाकला की काही चित्रांत ते चरे दिसतात.

पण आखणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. रोमच्या सान लुइजी देई फ्रान्चेझी चर्चमधलं संत मॅथ्यूच्या हौतात्म्याचं चित्र काराव्हाज्जोनं १५९९ - १६०० च्या सुमारास केलं. एक्स-किरणांत त्याच्या खाली निराळीच मांडणी दिसते : ती त्याला पटली नाही आणि त्यानं त्याच कापडावर पुन्हा सुरुवात केली. हे दिसतं कसं? दवाखान्यातल्या फिल्मवर हाड पांढरं उमटतं, कारण ते किरण अडवतं. चित्रात शिसं किरण अडवतं, आणि जुना पांढरा रंग शिशाचा होता. म्हणून झाकलेले उजेड पुन्हा वर येतात.

यानंतर येतो तो टप्पा, ज्याला डच चित्रकार 'मेलेला रंग' म्हणत. तपकिरी, काळा आणि थोडा पांढरा एवढ्यावरच सगळं चित्र मांडून घ्यायचं. उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते, कोण पुढं, कोण मागं, हे सगळं इथं ठरतं. नवशिक्याचा हात इथंच शिवशिवतो. त्याला लाल अंगरखा लगेच लाल करायचा असतो. पण उजेड-सावलीचा सांगाडा चुकला, तर वरच्या सुंदर लालानं तो सावरत नाही. या जुन्या लोकांकडून एकच गोष्ट उचलायची असेल तर आपण ही उचलावी, असं मी सुचवीन. चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहावा; चित्र तरीही उभं राहिलं, तर सांगाडा बरोबर आहे.

मग रंग. नळीतला रंग तेव्हा नव्हता. पिळून काढायची धातूची नळी १८४१ साली आली. शिकाऊ मुलं दगडी पाट्यावर पूड तेलात घोटत आणि उरलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिवळी माती, गेरू, हाडं जाळून केलेला काळा हे रंग स्वस्त होते. हिंगुळाचा लाल महाग. आणि निळ्यांत सगळ्यांत महाग लाजवर्द दगडाचा निळा, जो अफगाणिस्तानच्या खाणींतून युरोपात पोचे.

पांढऱ्याची कहाणी सांगितलीच पाहिजे, कारण उजेड म्हणजे शेवटी हा पांढराच. शिशाच्या पट्ट्या मडक्यांत व्हिनेगरवर अधांतरी ठेवत आणि मडकी घोड्याच्या लिदीत पुरत. लिदीची ऊब आणि तिच्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साईड वायू यांमुळे काही आठवड्यांत शिशावर पांढरा पापुद्रा धरे. तो खरवडून दळला की सफेदा तयार. हा रंग विषारी. तो करणाऱ्या मजुरांच्या शरीरात शिसं भिनत जाई. पण त्याच्याइतका लवचिक, लवकर वाळणारा आणि घट्ट उभा राहणारा पांढरा दुसरा नव्हता.

सगळे रंग एकाच वेळी पाटीवर मांडायची पद्धत नव्हती. आज चेहरा, तर चेहऱ्याला लागणारे पाच-सहा रंग. उद्या झगा, तर त्याचे. रेम्ब्रांट मागून पुढं येई : आधी भिंत आणि कमान, मग मागची माणसं, शेवटी पुढची. त्यामुळं पुढच्या माणसाची कडा मागच्या रंगावर चढते आणि तो खरोखर पुढं आलासा वाटतो.

आता या सगळ्या रीतीचं मर्म. सावली पातळ ठेवायची आणि उजेड जाड लावायचा. पातळ सावलीतून नजर आत जाते, तिला खोली वाटते. जाड उजेडाला ती अडते, आणि ती जागा पुढं आलेली भासते. 'नाईट वॉच'मध्ये कप्तान काळ्या पोशाखात मध्यभागी आहे आणि त्याच्याशेजारी फिकट पिवळ्या अंगरख्यातला लेफ्टनंट. त्या अंगरख्याचा जर नुसता रंगवलेला नाही, तर रंगाच्या उंचवट्यांनी घडवला आहे. खोलीतला खरा उजेड त्या उंचवट्यांवर पडून चमकतो.

असा जाड रंग ओघळत कसा नाही? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार रेम्ब्रांट तेलात शिशाची भस्मासारखी पूड घालत असावा. तिच्यामुळं रंग लोण्यासारखा उभा राहतो आणि लवकर वाळतो.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते वाळण्याच्या गैरसमजातून. पाणी उडून जातं तसं तेल उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल ताटलीत महिनाभर ठेवलं तरी चिकटच राहील. जवसाचा पातळ थर मात्र काही दिवसांत कातड्यासारखा होतो. म्हणून नियम असा, की खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट झालं, तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि दुष्काळातल्या तळ्यासारख्या भेगा पडतात.

यानंतर झिलईचा थर, म्हणजे भरपूर तेलात थोडासाच पारदर्शक रंग. आकाशकंदिलाला लाल जिलेटिन कागद लावला की आतला पिवळा उजेड लाल होऊन बाहेर येतो. झिलई तेच करते. प्रकाश तिच्यातून आत जातो, खालच्या फिकट थरावर आपटून परततो. मखमलीचा खोल लाल असाच साधत. खालचा थर पुरता वाळायच्या आत झिलई फिरवली, की दोन्ही रंग मिसळून चिखल होतो.

व्हर्मीरची 'मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी' इथं आठवावी. हे सुमारे १६६५ सालचं चित्र आज हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे. साधारण साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर उंचीच्या चित्रात तिच्या डोक्याचा फेटा लाजवर्दी निळ्यात आहे. आणि तो प्रसिद्ध मोती? वर पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली पांढऱ्या कॉलरच्या प्रतिबिंबाचा एक मऊ फटकारा. मोत्याला पुरी कडा नाही, कानात अडकवायची कडी नाही. उरलेला मोती आपली नजर पुरा करते.

शेवटचा हात रोगणाचा. झाडाची राळ विरघळवून केलेला हा पारदर्शक लेप रंगाला तजेला देतो आणि धुळीपासून वाचवतो. पण राळ पिवळी पडते, मग तपकिरी होते. दर पिढीनं नवं रोगण चढवावं आणि वर मेणबत्त्यांची, शेगड्यांची काजळी बसावी, असं शेकडो वर्षं चाललं. 'नाईट वॉच' हे नाव त्यातूनच आलं. हे नाव रेम्ब्रांटनं दिलेलं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्र इतकं काळवंडलं होतं, की लोकांना ते रात्रीचं वाटलं. १९४० च्या दशकात जुनं रोगण काढलं तेव्हा दिवस उजाडला. कप्तानाच्या पुढं केलेल्या हाताची स्पष्ट सावली लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर पडलेली आहे. असं ऊन रात्री नसतं. त्याआधी १७१५ साली नगरभवनाच्या भिंतीवर मावावं म्हणून चित्राच्या चारही बाजू कापल्या होत्या. ते तुकडे आजवर सापडलेले नाहीत.

म्हणून जुन्या चित्रातला अंधार पाहताना तो कुठला, हे आपण विचारायला हवं. एक राखलेला, अस्तराचा. दुसरा वर साचलेला, रोगणाचा आणि काजळीचा. तो निघू शकतो. तिसरा रंगाच्या आतच झालेला बदल, आणि त्याला उपाय नाही. शिशाचा पांढरा वयानं किंचित पारदर्शक होतो आणि खालचं गडद अस्तर वर डोकावू लागतं. काचेच्या पुडीचा स्वस्त निळा करडा पडतो. वनस्पतींपासून केलेले पिवळे रंग उन्हानं उडतात. म्हणूनच डच फुलांच्या चित्रांत कधी कधी पानं निळी दिसतात. त्या पानांतला पिवळा गेला आणि निळा मागं राहिला.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. मुंबईत असाल तर एखाद्या चित्रासमोर थोडं बाजूला सरकून उभे राहा, म्हणजे दिव्याची तिरीप रंगावर आडवी पडेल. उजेडाच्या जागी रंगाला उंची आहे का आणि सावलीत कापडाची वीण दिसते का, हे तेवढ्यानं कळतं.

व्हर्मीरच्या त्या मुलीमागची काळी पोकळीही तिसऱ्या प्रकारातली आहे. २०१८ साली तिची बारकाईनं तपासणी झाली. तेव्हा कळलं, की तिच्यामागं नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाची झिलई दिलेला, चुण्या पडलेला हिरवा पडदा होता.